सर्पगंधा : करोलबाग, परळ आणि रक्तदाबाचा आकडा

मराठी बोलीत ‘त्यांना बीपी आहे’ असे सहज म्हटले जाते. बीपी म्हणजे रक्तदाब, आणि तो तर प्रत्येक जिवंत माणसाला असतोच. परंतु मोजमापाचे नावच येथे रोगाचे नाव होऊन बसले आहे. ही गफलत केवळ भाषिक नाही. मोजलेला आकडा आणि रुग्णाचे पुढचे आयुष्य यांची अशीच गल्लत उच्च रक्तदाबावरील उपचारांच्या इतिहासातही दीर्घकाळ होत राहिली. सर्पगंधेच्या मुळीची कथा या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखी आहे.

या कथेचा एक आरंभ दिल्लीत, करोलबागेतील आयुर्वेदिक व युनानी तिब्बिया महाविद्यालयात होतो. हकीम अजमल खान यांच्या या संस्थेचे उद्घाटन १९२१ साली महात्मा गांधींच्या हस्ते झाले. देशी औषधींची परीक्षा आधुनिक रसायनशास्त्राच्या कसोटीवर व्हावी, या हेतूने हकीमसाहेबांनी फ्रँकफुर्ट येथे शिकलेल्या सलीमुज्जमाँ सिद्दीकी यांना संशोधनासाठी पाचारण केले. डिसेंबर १९२७ मध्ये हकीमसाहेब निवर्तले. सिद्दीकींनी मात्र काम नेटाने चालविले, आणि १९३१ साली सर्पगंधेच्या मुळीतून पाच अल्कलॉइडे वेगळी केल्याचे प्रसिद्ध केले. त्यांपैकी एकाला ‘अजमलीन’ हे नाव देऊन त्यांनी आपल्या आश्रयदात्याचे ऋण मानले. त्याच वर्षी कलकत्त्यात गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी ही मुळी उन्माद व वाढलेला रक्तदाब या दोहोंवर गुणकारी असल्याचे रुग्णानुभवावरून नोंदविले.

त्या काळात वाढलेल्या रक्तदाबावर खात्रीचे औषध नव्हतेच. शिवाय तो कमी करावा की नाही, याविषयीही एकमत नव्हते. कठीण झालेल्या रोहिण्यांतून रक्त पुढे ढकलण्यासाठी शरीराला हा दाब आवश्यकच असतो, अशी अनेक डॉक्टरांची धारणा होती. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट एप्रिल १९४५ मध्ये मेंदूतील रक्तस्रावाने मृत्यू पावले, तेव्हा त्यांचा रक्तदाब ३००/१९० इतका नोंदला गेला. जगातील सर्वांत बलाढ्य राष्ट्राच्या प्रमुखावरही वैद्यकाला उपाय सापडला नव्हता.

या पार्श्वभूमीवर मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांचे कार्य पाहावे लागते. परळच्या के. ई. एम. रुग्णालयाशी संबंधित असलेल्या या हृदयरोगतज्ज्ञाचा सर्पगंधेवरील निबंध १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाला. पन्नास रुग्णांना ही मुळी देऊन केलेल्या चाचणीत चार आठवड्यांनंतर ८५ टक्के रुग्णांचा आकुंचन रक्तदाब आणि ८१ टक्के रुग्णांचा प्रसरण रक्तदाब उतरलेला आढळला. या निबंधामुळे पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष सर्पगंधेकडे वेधले गेले, आणि बॉस्टनमध्ये रॉबर्ट विल्किन्स यांनी तिची परीक्षा सुरू केली. वकिलांना १९५७ साली लास्कर पुरस्काराने गौरविण्यात आले.

येथे दोन गोष्टी नमूद करणे अगत्याचे आहे. पहिली अशी की, या मुळीतील रक्तदाब उतरविणारे प्रमुख द्रव्य सिद्दीकींच्या पाच अल्कलॉइडांत नव्हते. ते रेसर्पीन १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये बाझल येथे, सीबा कंपनीच्या प्रयोगशाळेत हाती लागले. अजमलीनचा उपयोग पुढे हृदयाच्या अनियमित ठोक्यांवर झाला. ‘सारे आमच्याकडे आधीच होते’ हा अभिमान आणि ‘सारे पश्चिमेनेच शोधले’ हा न्यूनगंड, दोन्ही या तपशिलापुढे टिकत नाहीत. (सिद्दीकी १९५१ मध्ये पाकिस्तानात गेले, त्यामुळे अभिमानाचे वाटेकरीही दोन झाले.) दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. चार आठवड्यांत आकडा उतरतो हे वकिलांनी दाखविले. परंतु आकडा उतरल्याने माणूस पक्षाघातातून वाचतो काय, हे चार आठवड्यांत कळणे शक्यच नव्हते.

त्याचे उत्तर वॉशिंग्टनच्या एडवर्ड फ्राइस यांनी मिळविले. रेसर्पीन अधिक मात्रेत दिल्यास काही रुग्ण खोल विषण्णतेत जातात, हे १९५४ साली याच फ्राइस यांनी निदर्शनास आणले होते. तरीही त्यांनी औषध टाकून दिले नाही; अल्प मात्रेत, अन्य दोन औषधांच्या जोडीने ते वापरले. अमेरिकी माजी सैनिकांच्या रुग्णालयांतील १४३ पुरुष रुग्णांवर झालेल्या या चाचणीचा निष्कर्ष १९६७ साली प्रसिद्ध झाला. प्रसरण रक्तदाब ११५ ते १२९ असलेल्या या रुग्णांपैकी ७३ जणांना खरे औषध आणि ७० जणांना तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी दिली गेली. सरासरी दीड वर्षात निष्क्रिय गोळीच्या गटात २७ गंभीर आघात घडले, तर औषधाच्या गटात दोन. सर्पगंधेचा खरा न्याय या दोन संख्यांत आहे, पण तिच्या गौरवगाथांत त्या क्वचितच आढळतात.

१९७४ साली रेसर्पीन आणि स्तनांचा कर्करोग यांचा संबंध सुचविणारे अहवाल आले. पुढील अभ्यासांनी त्यांना दुजोरा दिला नाही. मात्र तोवर औषधाची पत गेली होती आणि नव्या औषधांनी त्याची जागा घेतली.

दिल्ली या इतिहासात पुन्हा येते ती वेगळ्या रूपात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहभागाने २०१७ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय रक्तदाब नियंत्रण उपक्रमात नवे औषध शोधणे हा प्रश्नच नव्हता. मोजकी, स्वस्त औषधे सरकारी केंद्रात नियमित मिळावीत आणि रुग्ण महिनोन्‌महिने परत यावा, हा खरा प्रश्न होता. पहिल्या टप्प्यातील पाच राज्यांत महाराष्ट्रही होता. दिल्लीतील संशोधकांच्या पुढाकाराने देशातील ३२ केंद्रांत १,९८१ रुग्णांवर झालेली आणि २०२५ साली प्रसिद्ध झालेली ‘टॉपस्पिन’ चाचणीही याच वाटेवरची आहे. दोन औषधे एकाच गोळीत देणाऱ्या तीन जोड्या तीत ताडून पाहिल्या गेल्या, आणि तिन्ही सारख्याच परिणामकारक ठरल्या. तिची मुदत सहा महिन्यांची होती, आणि मोजला गेला तो चोवीस तासांचा रक्तदाब. दीर्घकाळच्या परिणामांसाठी पाहावे लागते ते दिल्ली, चेन्नई आणि कराची येथे २०१० साली सुरू झालेल्या, त्याच माणसांकडे वर्षानुवर्षे परत जाणाऱ्या पाहणीकडे. दिल्ली आणि कराची ही सिद्दीकींची दोन्ही शहरे तीत एकत्र आली आहेत.