सुझुकीचे इंजिन, योशिमुरांचा हात

१/ बाजारात विकल्या जाणाऱ्या मोटारसायकलचे इंजिन शर्यतीसाठी कोणाच्या हाती सोपवावे? जपानच्या सुझुकी कंपनीने या प्रश्नाला दिलेले उत्तर इतिहासात नोंदले गेले.

२/ हिदेओ ऊर्फ ‘पॉप’ योशिमुरा हे मूळचे विमानांचे तंत्रज्ञ. दुसऱ्या महायुद्धानंतर फुकुओकाच्या परिसरातील अमेरिकी सैनिकांच्या मोटारसायकली ते वेगवान करून देत. १९५४ साली त्यांनी स्वतःचा व्यवसाय उभारला आणि पुढे होंडाच्या इंजिनांवर नाव कमावले.

३/ व्हॉल्व्ह किती उघडेल आणि किती वेळ उघडा राहील, हे कॅमशाफ्टच्या आकारावर ठरते. तो आकार बदलला की कार्ब्युरेटर, सायलेन्सर, इग्निशन सारे नव्याने जुळवावे लागते. ताकदीबरोबर उष्णताही वाढते. म्हणूनच असे इंजिन एकाच जाणत्या माणसाच्या नजरेखाली सिद्ध व्हावे लागते.

४/ जुलै १९७८. होंडानेच बांधलेल्या सुझुका येथील ट्रॅकवर आठ तासांची पहिली शर्यत झाली. युरोपातील लांब पल्ल्याच्या शर्यती गाजवलेला होंडाचा संघ मैदानात होता. तरीही योशिमुरांनी सिद्ध केलेल्या सुझुकी जीएस १००० वर वेस कूली आणि माइक बाल्डविन हे अमेरिकी स्वार विजयी झाले.

५/ ट्यूनर निवडताना ‘अश्वशक्ती किती वाढेल?’ हे सारेच विचारतात. सुझुकाच्या त्या आठ तासांनी त्याआधीचा प्रश्न शिकवला: ‘तुम्ही बांधलेली इंजिने किती काळ टिकली?’