सोलर बसवण्यात धोका किती? कारखान्याचं आणि सोसायटीचं गणित वेगळं का असतं?

बदलापुरातल्या सोसायटीची सभा असो की अंबरनाथ एमआयडीसीतल्या कारखान्याचं ऑफिस, प्रश्न एकच: सोलर बसवायचं का? ऊन तेच, महावितरणही तीच. तरी दोघांचं उत्तर वेगळं येऊ शकतं, कारण निर्णय चुकला तर होणारं नुकसान वेगळं असतं.

कारखाना काय बघतो?

अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यात रासायनिक कारखाने बरेच आहेत. तिथे वीज मध्येच गेली तर चालू बॅच वाया जाऊ शकते. त्यामुळे वीज स्वस्त आहे का, याआधी ती अखंड मिळेल का, हे बघितलं जातं. छतावरचं सोलर फक्त दिवसा चालतं, म्हणून महावितरणचं कनेक्शन सुटत नाही.

छत अपुरं असेल तर 'ओपन ॲक्सेस'चा पर्याय आहे. म्हणजे दूरच्या प्रकल्पातली सौर किंवा पवन ऊर्जा महावितरणच्या तारांमधून घ्यायची. यासाठीची मर्यादा केंद्राच्या २०२२ च्या नियमांनी १ मेगावॉटवरून १०० किलोवॉटवर आणली, त्यामुळे मध्यम कारखान्यांनाही हा मार्ग खुला झाला. धोका असा की करार अनेक वर्षांचा असतो, पण तारा वापरण्याचे आकार वीज नियामक आयोगाच्या आदेशानुसार बदलतात. आज दिसणारी बचत उद्या कमी होऊ शकते.

उल्हासनगरच्या भाड्याच्या गाळ्यांत अडचण आणखी वेगळी. छत मालकाचं, बिल भाडेकरूचं. गाळा कधी सोडावा लागेल याची खात्री नसेल तर भाडेकरू पैसे कशाला गुंतवेल?

सोसायटी काय बघते?

फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत स्वतंत्र घराला जास्तीत जास्त ७८,००० रुपये अनुदान मिळतं. सोसायटीला लिफ्ट, पंप अशा सामायिक वापरासाठी किलोवॉटमागे १८,००० रुपये. म्हणजे २० किलोवॉटला ३ लाख ६० हजार. एक किलोवॉट महिन्याला साधारण १२० युनिट देतो, पावसाळ्यात कमी. त्या हिशोबाने २० किलोवॉटचे सुमारे २,४०० युनिट होतात.

पण त्यासाठी अंदाजे २,००० चौरस फूट मोकळं छत लागतं आणि ते मजबूतही हवं. मे २०२१ मध्ये उल्हासनगरात दोन इमारतींचे स्लॅब कोसळून रहिवाशांचे जीव गेले होते. जुन्या इमारतीत आधी स्ट्रक्चरल ऑडिट, मग पॅनल.

पुराचाही विचार हवा. २००५ आणि २०१९ च्या जुलैमध्ये उल्हास नदीचं पाणी बदलापुरात शिरलं होतं. अशा भागात इन्व्हर्टर तळमजल्याच्या मीटर रूममध्ये बसवू नये.

आणखी एक गैरसमज: सोलर असलं की वीज जाणार नाही. ग्रिडला जोडलेलं साधं सोलर वीज गेली की आपोआप बंद होतं, नाहीतर लाइनवर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसू शकतो. बॅकअप हवा असेल तर बॅटरीचा खर्च वेगळा.

मग थांबणंच बरं का?

थांबण्यातही धोका असतोच, फक्त तो डोळ्यांसमोर नसतो. एन्रॉनचा दाभोळ प्रकल्प आठवा. नाफ्त्यावर तयार होणारी तिथली वीज इतकी महाग पडली की २००१ मध्ये राज्य वीज मंडळाने ती घेणं थांबवलं. इंधनावरच्या विजेचा दर इंधनाच्या भावासोबत हलतो. सोलरमध्ये खर्च सुरुवातीलाच होतो, पण उन्हाचा भाव वाढत नाही.

सही करण्याआधी तीन प्रश्न

१. छताचं ऑडिट झालंय का, आणि पुढच्या काही वर्षांत रिडेव्हलपमेंट होणार आहे का?
२. पॅनलची वॉरंटी साधारण २५ वर्षांची असते, इन्व्हर्टरची त्याहून बरीच कमी. तो बदलायचे पैसे हिशोबात धरलेत का?
३. विजेचे दर किंवा नियम बदलले तरी गुंतवणूक वसूल होईल का?

तिन्हींची उत्तरं लेखी घ्या आणि सभेत सगळ्यांसमोर वाचून दाखवा.