न दिसणारे चक्र

१७ ऑक्टोबर २०२५ रोजी नाशिकजवळच्या ओझर येथे हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या एचटीटी-४० या प्रशिक्षण विमानाच्या दुसऱ्या उत्पादन साखळीचे उद्घाटन झाले. त्या दिवशी बहुतेक चर्चा तेजसभोवती फिरली आणि हे छोटे विमान बातमीच्या शेवटच्या परिच्छेदात राहिले. एकच इंजिन, नाकावर एकच पंखा आणि तो फिरवणारे टर्बाइन, म्हणजे ज्याला आपण टर्बोप्रॉप म्हणतो ते. या जातीच्या विमानांच्या उड्डाणाबद्दल पुष्कळ लिहिले जाते. त्यांच्या जमिनीवरील इतिहासाबद्दल मात्र फारच थोडे.

माझे आजोळ जबलपूरचे. तेथील बडा फुहाऱ्याच्या बाजारात दसरा-दिवाळीच्या दिवसांत रिक्षा, हातगाड्या, दुचाक्या आणि माणसे यांची एकच दाटी होते; तरीही माणूस सुखरूप घरी पोहोचतो. कारण साधे आहे. जे अंगावर येत आहे, ते त्याला दिसते. शहराच्या पूर्वेला, जंगलाला लागून असलेल्या डुमना विमानतळावर डोळ्यांचा हा भरवसा अपुरा पडतो. ४ डिसेंबर २०१५ च्या संध्याकाळी मुंबईहून आलेले क्यू-४०० जातीचे टर्बोप्रॉप विमान तेथे उतरले आणि धावपट्टीवर आलेल्या रानडुकरांना धडकले. विमानाचे डावे मुख्य चाक मोडले; सुदैवाने प्रवासी बचावले. बाराच दिवसांनी, १६ डिसेंबरला, मुंबई विमानतळावर निघण्याच्या तयारीत असलेल्या जेट विमानाच्या इंजिनात ओढला जाऊन एका तंत्रज्ञाचा मृत्यू झाला. पहिले विमान आकाशातून सुखरूप उतरलेले होते, दुसरे अद्याप उडालेलेच नव्हते.

ही दोन्ही विमाने मोठी होती. गेल्या दशकाच्या आरंभी मध्य प्रदेशातील शहरे जोडण्यासाठी सेस्ना ग्रँड कॅराव्हॅन ही एका इंजिनाची छोटी विमाने वापरली गेली. अशा विमानात प्रवासी आणि पंखा यांच्यामध्ये ना पूल असतो, ना भिंत. मनुष्य पायी चालत विमानापाशी जातो.

येथे भौतिकशास्त्राचा साधा हिशेब करून पाहावा. कॅराव्हॅनच्या पंख्याचा व्यास सुमारे २.७ मीटर, पाती तीन आणि कमाल गती मिनिटाला १९०० फेरे. म्हणजे डोळ्यासमोरच्या एका बिंदूवरून सेकंदाला सुमारे ९५ वेळा पाते जाते. इतक्या वेगाची उघडझाप आपला डोळा वेगळी ओळखू शकत नाही; त्याला दिसते ती एक फिकट, पारदर्शक तबकडी, आणि मागच्या उजेडानुसार कधी तीही नाही. त्याच वेळी पात्याचे टोक सेकंदाला सुमारे २७० मीटर वेगाने जात असते. यंत्राचा सर्वांत घातक भाग काम करू लागला की नेमका तोच अदृश्य होतो.

टर्बोप्रॉपचा इतिहास या दृष्टीने वाचता येतो. हंगेरीचे अभियंते जॉर्ज येंद्राशिक यांचे सीएस-१ हे इंजिन १९४० मध्ये बुडापेस्टला चालले. २० सप्टेंबर १९४५ रोजी इंग्लंडमध्ये मिटिऑर विमानाने रोल्स-रॉइसच्या ट्रेंट इंजिनांवर उड्डाण केले; टर्बोप्रॉप शक्तीवरचे ते पहिले उड्डाण. या आरंभीच्या इंजिनांत टर्बाइन, काँप्रेसर आणि पंखा एकाच दंडाला बांधलेले होते. इंजिन फिरले की पंखा फिरलाच.

कॅनडातील प्रॅट अँड व्हिटनीच्या अभियंत्यांनी १९५८ मध्ये पीटी-६ हे इंजिन आखायला घेतले, तेव्हा ही गाठ सोडली. काँप्रेसर फिरवणारे टर्बाइन वेगळे आणि पंखा फिरवणारे वेगळे. दोहोंमध्ये धातूचा सांधा नाही, केवळ तप्त वायूचा झोत. १९६१ मध्ये ते प्रथम आकाशात गेले आणि ९ डिसेंबर १९८२ रोजी पहिली कॅराव्हॅन त्याच्याच बळावर उडाली. या रचनेत इंजिन सुरू करताना पंख्याचे ओझे वाहावे लागत नाही. बंद करताना पाती वाऱ्याच्या दिशेशी समांतर वळतात. त्यामुळे पुढच्या वेळी सुरुवातीला पंखा सावकाश, फारसा झोत न टाकता फिरू लागतो.

पण प्रत्येक सुटकेबरोबर एक नवे कर्तव्य आले. मोकळा झालेला पंखा उभ्या विमानावर नुसत्या वाऱ्यानेही फिरतो. तेलाचा पंप मात्र बंद इंजिनाच्या बाजूला असल्याने दंतचक्रांना तेल मिळत नाही. म्हणून मुक्कामी पंखा पट्ट्याने बांधतात, आणि सुरू करण्यापूर्वी तो पट्टा सोडला आहे हे फिरून, हात लावून तपासतात. बॅटरी क्षीण असेल किंवा वारा मागून असेल, तर काँप्रेसर पुरेशी हवा ओढण्याआधीच इंधन पेटते आणि तापमान उसळते. कॅराव्हॅनच्या इंजिनाला सुरू होताना १०९० अंश सेल्सियस चालते, पण केवळ दोन सेकंद. विमान जागचे हलण्यापूर्वीच वैमानिकाची ही कसोटी लागते.

एचटीटी-४० चे टीपीई-३३१ इंजिन पुन्हा एका दंडाच्या घराण्यातले आहे. वैमानिकाने शक्ती मागताच ते चटकन प्रतिसाद देते. शिकाऊ वैमानिकाला त्याचा लाभ होतो. पण त्यात स्टार्टर चालू होताच पंखाही फिरू लागतो. ओझरहून निघणाऱ्या विमानांभोवती काम करणाऱ्या तरुण तंत्रज्ञांना पहिल्या दिवसापासून याच गोष्टीची सवय अंगी बाणवावी लागेल. उड्डाणाचे श्रेय वैमानिकाला मिळते. पंख्याच्या वर्तुळात कोणी नाही हे पाहून हात वर करणाऱ्याचे नाव कोठेही नोंदले जात नाही.

कॅराव्हॅनच्या प्रवाशांचे दार पंखांच्या मागे, शेपटीच्या बाजूला ठेवलेले आहे. आपण कधी अशा विमानातून उतरलात, तर त्या दारातून मागच्या बाजूनेच दूर जावे आणि लेकराचा हात सोडू नये. छायाचित्रासाठी नाकाकडे वळण्याचा मोह झाला, तर तिन्ही पाती स्वतंत्र, स्थिर दिसेपर्यंत थांबावे, आणि त्यानंतरही कर्मचाऱ्याने बोलावल्याशिवाय पुढे जाऊ नये.