रायपूर ‘ग्रामीण’

२००३ च्या निवडणुकीत घरी आलेल्या मतदार-चिठ्ठीवर ‘रायपूर ग्रामीण’ असं लिहिलेलं होतं. आजीने चष्मा पुसून ती पुन्हा वाचली आणि विचारलं, “आपण खेड्यात कधी राहायला आलो रे?” घरासमोर डांबरी रस्ता, कोपऱ्यावर बँक, शेत पाहायचं तर स्कूटर काढावी लागे.

१९७१ च्या जनगणनेवर आखलेल्या मतदारसंघांच्या सीमा तोवर हलल्याच नव्हत्या. शहर त्या ओलांडून गेलं, नाव जुनंच राहिलं. इथले आमदार तरुण चॅटर्जी हे रायपूर शहराचे महापौरही होते! १९९८ साली भाजपतर्फे ते भोपाळच्या विधानसभेसाठी निवडून आले. २००० मध्ये छत्तीसगड झालं आणि तेच आमदार नव्या राज्याच्या विधानसभेत बसले. डिसेंबर २००१ मध्ये भाजपच्या ३६ पैकी १२ आमदार फुटले, त्यांत चॅटर्जी पुढे. तेव्हा एक तृतीयांश फुटले तर आमदारकी वाचत असे. हिशोब अगदी चोख. ते जोगी सरकारात मंत्री झाले. २००३ मध्ये राजेश मूणत यांनी त्यांना हरवलं.

पुनर्रचनेनंतर, २००८ मध्ये, मूणत ‘रायपूर शहर पश्चिम’मधून उभे राहिले. ‘ग्रामीण’ हे नाव मात्र नव्या सीमांसह टिकलं. पुसला गेला तो शेजारचा मंदिर हसौद, खरोखर भाताच्या बांधांचा मतदारसंघ. तिथले अनेक वर्षांचे आमदार सत्यनारायण शर्मा ‘रायपूर ग्रामीण’कडे आले आणि २०१३ मध्ये तिथून जिंकले. पुढाऱ्यांना असं जागा बदलून बसता येतं. मंदिर हसौद गाव आरंग या राखीव मतदारसंघात गेलं, आणि तेही नेमकं कधी, तर आसपासच्या गावांच्या जमिनींवर नवी राजधानी उभी राहत होती तेव्हा. २०१२ मध्ये मंत्रालय तिथे हललं. ज्या काळात त्या गावांना स्वतःच्या नावाचा आमदार सर्वांत जास्त हवा होता, त्याच काळात तो गेला, असं मला वाटतं.

पुनर्रचनेनंतर एकदा मंदिर हसौदच्या बसमध्ये एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने मला घडी घातलेला कागद दाखवला. जमिनीच्या मोबदल्याचा अर्ज होता. वर लिहिलं होतं, ‘विधायक, मंदिर हसौद’. असा मतदारसंघ आता नाही, हे मी त्याला सांगितलं. त्याने कागदाची पुन्हा घडी घातली.

“त अरजी कोन ला देबो?”

मी आरंगचं नाव सांगितलं. बस त्याच रस्त्याने पुढे आरंगलाच जात होती. तो मंदिर हसौदला उतरला.