खरुची

खरुची (शास्त्रीय नाव: फाल्को टिनुंक्युलस) हा ससाणा कुळातील लहान शिकारी पक्षी आहे. युरोप, आशिया व आफ्रिका या तिन्ही खंडांत तो आढळतो. हिंदीत त्याला खेरमुतिया म्हणतात. वाऱ्याकडे तोंड करून, पंख फडफडवत हवेत एकाच जागी तरंगत राहणे ही त्याची मुख्य ओळख होय.

== नाव व वर्गीकरण ==
कार्ल लिनिअसने १७५८ साली या पक्ष्याचे शास्त्रीय वर्णन केले. टिनुंक्युलस हे नाव किणकिणणे या अर्थाच्या लॅटिन क्रियापदाशी संबंधित असून ते पक्ष्याच्या ‘की-की-की’ अशा तीक्ष्ण आवाजावरून पडले. ससाणे दिसायला घारी व शिक्र्यांसारखे असले, तरी गेल्या काही दशकांतील आनुवंशिक अभ्यासांनुसार त्यांचे जवळचे नाते पोपट व गाणाऱ्या पक्ष्यांशी आहे.

== वर्णन ==
खरुचीची लांबी ३२ ते ३९ सेंमी असते. मादी नरापेक्षा किंचित मोठी व वजनदार असते. नराचे डोके व शेपटी राखाडी, पाठ विटकरी व तिच्यावर काळे ठिपके असतात. शेपटीच्या टोकाजवळ रुंद काळा पट्टा असतो. मादी वरून तांबूस तपकिरी असून तिच्या पाठीवर व शेपटीवर गडद आडव्या रेषा असतात. दोघांच्याही डोळ्यांखाली मिशीसारखी काळसर रेघ असते. पाय पिवळे आणि नख्या काळ्या असतात.

कापशी हा पक्षीही हवेत एका जागी तरंगतो; मात्र तो राखाडी-पांढरा असून त्याच्या खांद्यावर काळा डाग व डोळे लाल असतात. लहान खरुचीच्या (फाल्को नॉमनी) नराच्या पाठीवर ठिपके नसतात व तिच्या नख्या फिकट असतात.

== आढळ ==
घनदाट अरण्ये व वाळवंटाचा गाभा वगळता बहुतेक मोकळ्या प्रदेशांत खरुची राहते. युरोपातील अनेक शहरांत ती उंच इमारतींवर घरटी करते. भारतात हिमालयात तिची वीण होते. सह्याद्री व दक्षिण भारतातील डोंगरांत एक स्थायिक उपजाती आहे. याशिवाय उत्तरेकडील पक्षी हिवाळ्यात देशभर पसरतात. महाराष्ट्रात पावसाळा सरल्यानंतर माळरानांवर, पडीक जमिनींवर व कापणी झालेल्या शेतांवर ती दिसू लागते.

== शिकार व आहार ==
जमिनीपासून साधारण १० ते २० मीटर उंचीवर तरंगताना खरुचीचे पंख व पसरलेली शेपटी सतत हलतात. डोके मात्र जवळजवळ स्थिर राहते. त्यामुळे गवतातील बारीक हालचालही तिला टिपता येते. भक्ष्य दिसताच ती टप्प्याटप्प्याने खाली उतरते आणि शेवटी झेप घालते. उंदीर, सरडे, टोळ, नाकतोडे व लहान पक्षी हे तिचे खाद्य होय.

तरंगण्यास फार ऊर्जा लागते. नेदरलँड्समधील दीर्घ अभ्यासांत असे आढळले, की पिल्ले असताना नर तरंगून अधिक शिकार करतात, तर हिवाळ्यात खांबावर किंवा झाडावर बसून वाट पाहणे पत्करतात.

उंदरांच्या मूत्रातून परावर्तित होणारे अतिनील किरण खरुचीला दिसतात, असा निष्कर्ष १९९५ साली फिनलंडमधील संशोधकांनी मांडला. पुढील संशोधनात त्यावर शंका घेण्यात आली.

== वीण ==
खरुची स्वतः घरटे बांधत नाही. कड्यांच्या कपारी, जुन्या इमारतींतील कोनाडे, झाडांच्या ढोल्या किंवा कावळ्यांची सोडलेली घरटी ती वापरते. मादी साधारणतः ३ ते ६ अंडी घालते. अंडी उबविण्याचे काम मुख्यतः तीच करते व या काळात नर तिला अन्न आणून देतो. सुमारे चार आठवड्यांनी पिल्ले बाहेर येतात आणि त्यानंतर साधारण तेवढ्याच काळात उडू लागतात. नेदरलँड्समध्येच काही घरट्यांत जास्तीची पिल्ले ठेवून पाहण्यात आली. अशा घरट्यांतील आईबापांपैकी पुढच्या हिवाळ्यात मरणाऱ्यांचे प्रमाण अधिक आढळले.

== संवर्धन ==
आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने जागतिक पातळीवर खरुचीचा समावेश ‘किमान चिंता’ या वर्गात केला आहे. तथापि सर्वत्र आढळणारा पक्षी सर्वत्र सुरक्षित असतोच असे नाही. विसाव्या शतकाच्या मध्यास बियाण्यांना चोळल्या जाणाऱ्या डिल्ड्रिनसारख्या कीटकनाशकांमुळे पूर्व इंग्लंडमध्ये तिची संख्या घटली व त्यांच्या वापरावर निर्बंध आल्यावर सावरली. ब्रोमाडिओलोनसारखी रक्त गोठू न देणारी उंदीरनाशके आजही धोकादायक आहेत. विष खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही व सुस्तावल्यामुळे सहज हाती लागतो. उंदीर व टोळ खाऊन शेतीस मदत करणारा पक्षी असा त्याच उपायाने विषबाधित होऊ शकतो.

भारतात दुसरा प्रश्न अधिवासाचा आहे. शासकीय नोंदींत अनेक गवताळ माळांची गणना ‘पडीक’ जमिनीत होते. त्यामुळे वृक्षलागवड, उद्योग किंवा सौरप्रकल्पांसाठी त्या मोकळ्या समजल्या जातात. माळरानावर दाट झाडे लावल्यास उघड्या जमिनीवर शिकार करणाऱ्या खरुचीचे क्षेत्र कमी होते. हीच स्थिती माळढोक, भोवत्या व धाविक यांसारख्या गवताळ प्रदेशातील इतर पक्ष्यांचीही आहे.