निनावी परीक्षा

अमेरिकेच्या लोकजीवनात बेसबॉलला जे स्थान आहे, ते आपल्याकडे केवळ क्रिकेटला लाभले आहे; आणि क्रिकेटप्रमाणेच या खेळाचा इतिहासही आकड्यांत लिहिला जातो. टोलविलेला चेंडू कुंपणापलीकडे गेला की होमरन होतो. एका हंगामात कोणी किती होमरन काढले, हे तेथील शाळकरी मुलांनाही तोंडपाठ असते. १९६१ साली रॉजर मॅरिसने ६१ होमरन काढले, तो उच्चांक ३७ वर्षे अबाधित राहिला. पुढे १९९८ साली मार्क मॅग्वायरने ७० आणि २००१ साली बॅरी बाँड्सने ७३ होमरन काढले. प्रेक्षक हर्षभरित झाले; परंतु हे बळ मेहनतीचे की औषधांचे, अशी कुजबुजही त्याच सुमारास सुरू झाली.

ती निराधार नव्हती. स्टेरॉइड या नावाने ओळखली जाणारी द्रव्ये पुरुषी संप्रेरकाच्या धर्तीवर बनविलेली असतात. त्यांनी स्नायू झपाट्याने वाढतात. मात्र हृदय आणि यकृत यांना त्यांपासून धोका संभवतो. १९९१ साली बेसबॉलचे आयुक्त फे व्हिन्सेंट यांनी या द्रव्यांना मनाई करणारे पत्रक काढले होते. पण चाचणीची तरतूद नसल्यामुळे ते कागदावरच राहिले. २००२ साली केन कॅमिनिटी या नामवंत खेळाडूने उघड कबुली दिली, की १९९६ साली सर्वोत्कृष्ट खेळाडूचा बहुमान मिळविला त्या हंगामात आपण स्टेरॉइड घेत होतो.

मग चाचणी इतकी वर्षे का झाली नाही? १९९४ सालच्या संपामुळे त्या वर्षीची अंतिम मालिकाच रद्द झाली होती आणि रुष्ट प्रेक्षक मैदानांपासून दुरावले होते. त्यांना परत आणण्यास होमरनची आतषबाजी उपयोगी पडत होती. तेव्हा तिच्या मुळाशी काय आहे, हे शोधण्याची मालकांना घाई नव्हती. खेळाडूंच्या संघटनेची अडचण वेगळी होती. १९७५ पर्यंत खेळाडू एका संघाशी जखडलेला असे. मालकाच्या संमतीवाचून त्याला दुसरीकडे जाता येत नसे. तो पाश दीर्घ लढ्यानंतर तुटला. ज्यांनी हा लढा पाहिला होता, त्यांना आपल्या शरीराची झडती घेण्याचा अधिकार मालकांच्या हाती देणे रुचणारे नव्हते. त्यांची भीती पोकळ नव्हती, हे पुढील घटनांनी दाखविले.

ऑगस्ट २००२ मध्ये उभय पक्षांत तडजोड झाली. २००३ च्या हंगामात खेळाडूंची मूत्रपरीक्षा घ्यावी, ती निनावी असावी, कोणासही शिक्षा होऊ नये. मात्र ५ टक्क्यांहून अधिक नमुने दोषी ठरले, तर पुढील वर्षापासून शिक्षेसह चाचणी सुरू व्हावी, असे ठरले. चाचणीस नकार देणाऱ्याची गणना दोषींतच व्हावी, असाही नियम होता.

या नियमामुळे एक विलक्षण प्रसंग उद्भवला. २००३ च्या वसंत ऋतूत, हंगामापूर्वीच्या सरावाच्या वेळी, शिकागो व्हाइट सॉक्स संघातील काही खेळाडूंनी नमुना देण्यास नकार देण्याचा विचार केला. लपविण्याजोगे काही होते म्हणून नव्हे. नकारामुळे आपण दोषींत मोजले जाऊ, ५ टक्क्यांची मर्यादा ओलांडली जाईल आणि खरी चाचणी सुरू होईल, या हेतूने. संघटनेने समजूत घातल्यावर त्यांनी तो बेत सोडला. स्वच्छ खेळाडूला न्याय मिळविण्यासाठी स्वतःला दोषी म्हणवून घ्यावेसे वाटावे, यावरून त्याची कोंडी किती झाली होती ते दिसते. औषध घेणारा त्याची जागा, त्याचे वेतन आणि त्याचा उच्चांक हिरावून नेत होता. आणि न घ्यावे, तर आपण मागे पडतो, हेही त्याला कळत होते.

त्या त्यागाची गरज पडली नाही. नोव्हेंबर २००३ मध्ये निकाल जाहीर झाला: ५ ते ७ टक्के नमुने दोषी. शिक्षेसह चाचणीचा मार्ग मोकळा झाला. परंतु नमुने व नोंदी नष्ट होण्यापूर्वीच सरकारी समन्स आले. बाल्को या कॅलिफोर्नियातील कंपनीच्या उत्तेजक द्रव्यांच्या प्रकरणाचा तपास तेव्हा चालू होता. एप्रिल २००४ मध्ये तपास अधिकाऱ्यांनी झडती घेतली. त्यांचे वॉरंट दहा खेळाडूंपुरते होते. हाती मात्र शंभराहून अधिक नावे लागली. ही जप्ती मर्यादेबाहेरची होती, असा निर्णय अपील न्यायालयाने २००९ साली दिला. परंतु तत्पूर्वीच, त्या वर्षीच्या फेब्रुवारीत, अ‍ॅलेक्स रॉड्रिग्ज याचे नाव वृत्तपत्रांत झळकले होते. त्याने कबुली दिली. पुढे आणखी काही नावे फुटली. त्या यादीतील काही निष्कर्षांबद्दल शास्त्रीय शंका होत्या, असे आयुक्त रॉब मॅनफ्रेड यांनी २०१६ साली सांगितले. पण ज्यांची नावे गाजली, त्यांना निर्दोषत्व सिद्ध करण्यास जागा उरली नव्हती. परीक्षा निनावी, म्हणून तिच्यावर अपीलही नव्हते.

दरम्यान नियम कडक होत गेले. २००५ साली पहिल्या अपराधास दहा दिवसांची बंदी होती. २००६ पासून ती पन्नास सामन्यांची झाली आणि त्याच वर्षी अ‍ॅम्फेटामिनचीही चाचणी सुरू झाली. २०१४ साली पहिल्या अपराधास ८० सामने, दुसऱ्यास १६२ म्हणजे एक संपूर्ण हंगाम, आणि तिसऱ्यास कायमची बंदी, असे ठरले. बाँड्सचा ७३ चा आकडा नोंदवहीत कायम आहे. मात्र २०२२ पर्यंतच्या दहा मतदानांत वार्ताहरांनी त्याला खेळाच्या सन्मान-मंदिरात प्रवेश दिला नाही.

या इतिहासात लबाडी जशी उघडी पडली, तसा एक शब्दही मोडला गेला. चाचणीवाचून स्वच्छ खेळाडूला संरक्षण नाही, हे व्हाइट सॉक्सच्या त्या तरुणांनी ओळखले होते. चाचणी घेणाऱ्यांनी दिलेला शब्द पाळला नाही, तर त्याच खेळाडूचा तिच्यावर विश्वास राहत नाही, हे त्या यादीने दाखविले. खेळ स्वच्छ राखण्यास या दोन्ही गोष्टी सारख्याच लागतात. पैकी पहिली नियमाने मिळाली, दुसरी मात्र प्रत्येक नमुन्यागणिक नव्याने मिळवावी लागते.