गायरानावरचं गोल्फ

गडचांदूर मागे टाकून माणिकगडच्या डोंगरात शिरलं की घाट चढून आपण जिवतीच्या पठारावर येतो. कापूस, तूर, सोयाबीन, मधूनच उघडा खडक, आणि पावसाळ्यात डोळे निवतील एवढं गवत. फोटो काढून टाकला, तर हमखास कुणीतरी कमेंट करतं, ‘इथे गोल्फ कोर्स काय भारी होईल!’

कमेंट गमतीची असते, पण तिच्यामागे एक समज असतो, की सुंदर आणि मोकळी दिसणारी जमीन कुणाचीच नसते.

गोल्फ हा खेळ मुळात गायरानावरचा. स्कॉटलंडच्या किनाऱ्यालगत वाळूच्या टेकड्या होत्या, तिथे नीट शेती होत नसे. मेंढ्या आणि ससे चरून गवत आखूड ठेवायचे. वाऱ्यापासून आडोसा म्हणून मेंढ्या बसायच्या त्या खळग्यांतूनच पुढे बंकर आले, असं मानतात. सेंट अँड्र्यूजच्या मैदानावर गावकऱ्यांना खेळण्याचा हक्क आहे, हे 1552 सालच्या सनदेतच नोंदलेलं आहे. भारतात हा खेळ साहेबाबरोबर आला. कलकत्त्यात 1829 साली क्लब निघाला, मुंबईत 1842 साली. इथे मात्र गायरानाची आठवण गळून पडली आणि कुंपण तेवढं उरलं.

स्कॉटलंडच्या पश्चिमेला अटलांटिक समुद्रात साउथ उइस्ट नावाचं बेट आहे. तिथल्या अ‍ॅस्कर्निश या छोट्या गोल्फ कोर्सवर जायचं तर आधी बोट किंवा विमान, मग लांबचा रस्ता. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला डोंगर, आणि हिवाळ्यात मैदानावर चरणारी जनावरं. जगाच्या टोकाला असलेलं हे मैदान बघायला गोल्फवेडे मुद्दाम जातात.

पण त्या गवताखाली एक इतिहास आहे. हे बेट कर्नल जॉन गॉर्डन या जमीनदाराच्या मालकीचं होतं. 1851 साली त्याने शेकडो कुळांना हुसकावून जहाजात भरलं आणि कॅनडाला पाठवलं. 1886 साली कायदा झाला आणि उरलेल्या छोट्या कुळांना, म्हणजे क्रॉफ्टरांना, जमिनीवरून न उठवण्याची हमी मिळाली. 1891 साली त्याच गॉर्डनच्या सुनेने ओल्ड टॉम मॉरिसला बोलावून इथे गोल्फ कोर्स आखून घेतला. पुढे तो वाळूत आणि गवतात हरवला.

नोव्हेंबर 2006 मध्ये बेटावरच्या लोकांनीच मिळून ती सगळी इस्टेट विकत घेतली. जुना कोर्स पुन्हा उभा करायचं ठरलं, तेव्हा काही क्रॉफ्टर कोर्टात गेले. आमच्या चराईचं काय, असा त्यांचा सवाल होता. 2008 साली कोर्स सुरू झाला. पण सवाल विचारण्याची ताकद त्या क्रॉफ्टरांना सव्वाशे वर्षांपूर्वीच्या एका कायद्याने दिली होती.

आता परत जिवतीला येऊ. हा भाग निजामाच्या हैदराबाद राज्यात होता. जंगल राखीव होत गेलं, तसे गोंड आणि कोलाम आपल्याच जमिनीवर अतिक्रमणदार ठरले. शेजारच्या जोडेघाटला कुमराम भीम याच प्रश्नावर लढला आणि 1940 साली मारला गेला. त्यानंतर निजाम सरकारने हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाला आदिवासींचा अभ्यास करायला बोलावलं आणि आदिलाबादेत बऱ्याच गोंड-कोलाम कुटुंबांना पट्टे मिळाले. 1956 साली राजुरा तालुका आदिलाबादमधून नांदेड जिल्ह्यात आला आणि 1959 साली चांद्यात. जिवती तेव्हा राजुऱ्यातच होतं. दुष्काळाने पोळलेली मराठवाड्यातली माणसंही या पठारावर येऊन कसू लागली. काही गावांवर तर महाराष्ट्र आणि तेलंगण दोघेही हक्क सांगतात.

एवढ्या उलथापालथीत कागद मागेच राहिला. जमीन महसुलाची की वनाची, हा वाद पिढ्यान्‌पिढ्या चालला. सातबारा नाही म्हणून बँक पीककर्ज देत नाही.

वनहक्क कायदाही 2006 सालचाच, डिसेंबरचा. उइस्टच्या खरेदीनंतर महिन्याभराने आलेला. त्याच कायद्याखाली 2009 साली गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला अठराशे हेक्टरांवर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. पण बिगर-आदिवासींना 75 वर्षांचा रहिवास सिद्ध करावा लागतो. दुष्काळात आलेल्या माणसाने तो पुरावा कुठून आणायचा?

जिवतीला गोल्फ कोर्स नाही, आणि नसल्याचं मला दुःखही नाही. उद्या इथे पर्यटन येईल, रिसॉर्ट येईल, कदाचित हिरवंगार मैदानही येईल. तेव्हा ‘आमच्या चराईचं काय?’ असं विचारत कोलामगुड्यातला माणूस कोर्टात उभा राहिला, तर त्याच्या हातात कागद हवा. तो कागद अजून यायचा आहे. तोवर फोटोखाली कमेंट टाकताना एवढं लक्षात असू द्यावं, की त्या मोकळ्या दिसणाऱ्या गवतावर कुणाची तरी गुरं चरत असतात.